एका घरातल्या दोन शाळा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घरात सध्या दोन शाळा नांदत आहेत. थोरला मुलगा सातवीत असून तो बडोदा शहराच्या पश्चिमेकडील नव्या वस्तीतल्या एका खासगी, इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसई शाळेत जातो. धाकटी लेक तिसरीत आहे आणि जून २०२५ पासून ती दांडिया बाजारातील आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या गुजराती माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. दुसरीपर्यंत तीही भावाच्याच शाळेत, त्याच्याच बसने जात असे. त्यामुळे खाली जे लिहिले आहे ते ऐकीव नाही; मात्र ते एका मुलीच्या एका इयत्तेपुरते आणि बडोद्यातील एका सरकारी शाळेपुरते आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पैशांचे आधी सांगून टाकते, कारण शाळा बदलल्याचे कळल्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाने आडून तेच विचारले. मुलाच्या शाळेचे वर्षाचे शुल्क ६२,००० रुपये आहे आणि बसचे महिन्याला १,९०० रुपये वेगळे द्यावे लागतात. गुजरातमध्ये २०१७ च्या शुल्क नियमन कायद्याने स्वनिर्भर, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या, शाळांच्या प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्याहून अधिक शुल्क घ्यायचे असल्यास शाळेला हिशेब सादर करून विभागीय शुल्क नियमन समितीची मंजुरी घ्यावी लागते. राज्यात अशा चार विभागीय समित्या असून त्यांपैकी एक बडोद्याची आहे. आमच्या शाळेने तशी मंजुरी घेतलेली आहे, म्हणजे कागदोपत्री सगळे ठीकच. पण मंजुरीचा आदेश मी पहिल्यांदा वाचला तो मुलगा पाचवीत गेल्यावर, आणि तेव्हा समजले की दोन वर्षे ज्याला आम्ही सक्तीचे समजत होतो ते ‘उपक्रम शुल्क’ ऐच्छिक होते. लेकीच्या शाळेत शुल्क नाही, पुस्तके मोफत आहेत आणि दुपारचे जेवण शाळेतच होते. शुल्क आणि बस यांची बेरीज पाहता वर्षाकाठी ऐंशी हजारांच्या आसपास वाचले, हे मी लपवणार नाही. तरीही निर्णय पैशांमुळे झाला नाही.

तो झाला एका संध्याकाळच्या अभ्यासामुळे. लेक दुसरीत असताना परिसर अभ्यासाच्या वहीत ‘द रूट अ‍ॅब्झॉर्ब्स वॉटर फ्रॉम द सॉइल’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात तीनदा लिहीत होती. ‘अ‍ॅब्झॉर्ब’ म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, “आई, ते उत्तर आहे.” मूळ म्हणजे काय हे तिला ठाऊक होते, गच्चीवरच्या कुंडीतली तुळस उपटून तिने ते पाहिलेही होते, पण ते मूळ आणि वहीतले ‘रूट’ यांची तिच्या डोक्यात कधी भेटच झाली नव्हती. त्या वेळी तिचा दिवस असा असे : सकाळी ६.४० ला बस, दुपारी अडीचला परत, चार वाजता गल्लीतल्या एका मावशींकडे ट्यूशन आणि संध्याकाळी माझ्याकडे ‘लेसन’. (बडोद्यात गृहपाठाला कोणी गृहपाठ म्हणत नाही; गुजरातीतला ‘लेसन’ आमच्या मराठीत केव्हाच कायमचा राहायला आला आहे.) सात वर्षांच्या मुलीला ट्यूशन का लागते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, कारण तिच्या वर्गातील जवळजवळ सगळ्यांनाच ती होती.

प्रवेशाच्या वेळी एका गोष्टीने फार दमवले. खासगी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने एप्रिल ते जूनचा हप्ता भरल्याशिवाय एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, देणार नाही, असे शाळेच्या कार्यालयाने सांगितले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी हा दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. ही गोष्ट मला सरकारी शाळेच्या आचार्यांनीच (इथे मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात) सांगितली आणि दाखल्याशिवाय लेकीला वर्गात बसवलेही. मी त्या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. नवव्या दिवशी एल.सी. हातात आली. ज्यांना अशीच अडचण आहे त्यांनी तोंडी वाद घालू नये, पोच घ्यावी.

नातेवाइकांमध्ये मात्र खळबळ झाली. “काही अडचण आहे का?” असा फोन माझ्या नणंदेने केला, तेव्हा तिला नोकरीची अडचण अपेक्षित होती. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तिला एका वाक्यात गप्प केले. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, देशाचा कायदा लागू व्हायला २०१० उजाडले, आणि ज्यांचे आजे-पणजे त्या शाळांत शिकून कारकून, मामलेदार झाले त्यांनाच आता तिथे मूल पाठवायची लाज वाटते, असे ते म्हणाले. अप्पांचे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे, कारण महाराजांच्या शाळेत त्या काळी गावातील सर्व थरांची मुले येत होती की नाही, हा वेगळाच विषय आहे. आजच्या शाळेत मात्र लेकीच्या वर्गातील बहुतेकांचे पालक रिक्षा चालवणारे, घरकाम करणारे किंवा मंगळ बाजारात पथारी लावणारे आहेत. मध्यमवर्गीय पालकांची गैरहजेरी या शाळेला किती महागात पडते ते मला पुढे कळले.

आता शिकवण्याबद्दल. ऑगस्टमध्ये बेनच्या, म्हणजे लेकीच्या वर्गशिक्षिकेच्या, परवानगीने मी अर्धा दिवस वर्गात मागे बसले. बेचाळीसातून सतरा वजा करायचे होते. बेनने टेबलावर दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले चार जुडगे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि एका मुलाला सात काड्या उचलायला सांगितले. त्याने दोन उचलल्या आणि तो थांबला. वर्ग ओरडू लागला, पण बेन काही बोलल्या नाहीत. शेवटी त्या मुलाने एका जुडग्याचा रबर काढला. फळ्यावर तोपर्यंत एकही आकडा लिहिलेला नव्हता. लेकीला हातच्याची वजाबाकी दुसरीतच ‘येत’ होती, म्हणजे चारावर काट मारून तीन लिहायचे हे तिला पाठ होते. त्या रात्री तिने पोळीच्या डब्याशेजारी काड्यापेटी रिकामी करून तेच मला समजावून सांगितले. वर्गात ४१ मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे, तेव्हा ४१ मुलांत बेन जे करतात त्याचे मला अधिकच अप्रूप वाटले.

भाषेची भीती होती तितकी ती खरी ठरली नाही. २०२३ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत, मग मंडळ कोणतेही असो, पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, त्यामुळे तोंडओळख होतीच. शिवाय गल्लीत खेळताना मुले गुजरातीच बोलतात. पाढे म्हणताना तर गंमत झाली : आपल्या ‘बे एके बे’ मधले ‘बे’ हे वर्गातल्या गुजराती ‘बे’चेच भावंड असल्याचा शोध तिला लागला आणि मराठीत एरवी ‘दोन’ म्हणत असताना पाढ्यातच ‘बे’ का, या प्रश्नाने तिने अप्पांना दोन दिवस भंडावून सोडले. तोटा झाला तो वेगळाच. गुजराती लिपीला शिरोरेघ नसल्याने तिने मराठीतही रेघ ओढणे सोडून दिले आहे, आणि आजीला लिहिलेले तिचे दिवाळीचे पत्र उघड्याबोडक्या अक्षरांचे निघाले. मराठी आम्ही घरीच शिकवतो, त्यामुळे ही रेघ ओढून घेण्याचे काम माझ्याकडेच आहे.

जेवणाबाबत मी स्वतः साशंक होते आणि पहिले पंधरा दिवस तिला डबा दिला. वर्गात डबा आणणारी ती एकटीच, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिने तो परत आणला. आता ती सर्वांबरोबर पंगतीत बसते. गुजरातमध्ये मध्यान्ह भोजन १९८४ पासून आहे. डिसेंबर २०२४ पासून त्याला सकाळच्या पौष्टिक अल्पाहाराची जोड मिळाली असून त्यात सुखडी, चणा चाट, मिश्र कडधान्ये असे पदार्थ असतात. सुखडीच्या दिवशी ती एक वडी रुमालात बांधून भावासाठी आणते. चव चांगली असते. डाळ मात्र बऱ्याचदा पातळ असते, असे ती सांगते.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर २०२५ पासून, मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचे काम राज्यात सुरू झाले. बेन बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणाऱ्या अधिकारी, असल्याने घरोघरी फॉर्म घेऊन फिरत होत्या. निवडणुकीचे काम शिक्षकांना देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे? जवळजवळ महिनाभर लेकीचा वर्ग चौथीच्या वर्गात मिसळून बसला आणि त्या काळात तिने वहीत जे लिहिले ते फळ्यावरून उतरवून घेणे होते, म्हणजे जिथून आम्ही पळून आलो होतो तेच. दुसरे असे की शाळेतील दोघे शिक्षक ‘ज्ञानसहायक’ आहेत, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर. पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते.

सर्वांत वाईट अनुभव स्वच्छतागृहाचा. जुलैमध्ये लेक पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणू लागली. विचारल्यावर कळले की मुलींच्या स्वच्छतागृहातील नळ बंद असल्याने त्या पाणीच पीत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. मी बैठकीला गेले तेव्हा आचार्य धरून आम्ही पाच जण होतो. बाकीच्या आयांना दुपारी काम सोडून येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे होते. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज असे करत नळ सुरू व्हायला सात आठवडे लागले. मुलाच्या शाळेत असे घडले असते तर पालकांच्या व्हॉट्सॲप गटानेच दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावायला लावला असता, आणि मध्यमवर्गाच्या गैरहजेरीची जी किंमत मी वर म्हटली ती हीच.

इंग्रजीत लेक मागे पडली आहे, यातही शंका नाही. भावाचे तिसरीतले इंग्रजी आणि तिचे आताचे यांत स्पष्ट अंतर आहे. मुलाच्या शाळेचे श्रेय मी नाकारत नाही : तिथे तास बुडत नाहीत, फुटबॉलचा प्रशिक्षक आहे, वाचनालयातून दर आठवड्याला पुस्तक येते, आणि तो अनोळखी माणसासमोर उभा राहून निःसंकोच बोलतो. पण दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या चाचण्यांची तयारी मात्र घरी किंवा ट्यूशनमध्येच होते.

आठ महिन्यांनंतर माझे मत असे बनले आहे की खासगी शाळा मुलाची परीक्षा घेण्यात फार चोख होती आणि शिकवण्याचा भाग तिने गुपचूप आमच्यावर टाकला होता; सरकारी शाळेत बेन हजर असल्या तर शिकवले जाते, पण मूल किती शिकले याचा पाठपुरावा कोणी करत नाही आणि नळापासून पुढचे सगळे पालकाला पाहावे लागते. कष्ट दोन्हीकडे आहेत. आधी मी संध्याकाळी दोन तास लेसन करून घेत असे. आता संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी वाचून घेते आणि महिन्यातून एकदा अर्धी रजा काढून शाळेत जाते. ज्या घरी दोघांनाही अशी रजा मिळणे शक्य नाही, त्यांना मी हा बदल सुचवणार नाही.

ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी शाळा पाहायला प्रवेशोत्सवाच्या, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताच्या, दिवशी जाऊ नये, त्या दिवशी सगळ्याच शाळा सजलेल्या असतात. ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तीनला जावे, वर्ग किती आणि हजर शिक्षक किती हे मोजावे आणि मुलींचे स्वच्छतागृह स्वतः उघडून पाहावे. शाळा कितवीपर्यंत आहे तेही विचारावे, कारण आमची आठवीपर्यंतच असून नववीला दुसरी शाळा शोधावी लागणार आहे. खासगी शाळाच हवी पण शुल्क झेपत नाही, अशांसाठी शिक्षण हक्क कायद्याखालच्या पहिलीच्या २५ टक्के राखीव जागांची उत्पन्नमर्यादा मार्च २०२५ मध्ये ६ लाख रुपये झाली आहे. पूर्वीच्या मर्यादेमुळे ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांनी पुन्हा पाहावे.

लेकीला चौथीतही इथेच ठेवायचे आमचे ठरले आहे. पाचवीचे ठरलेले नाही. ते इंग्रजीवर आणि बेनची बदली होते की नाही यावर अवलंबून राहील. मुलाची शाळा बदलणार नाही, कारण सातवीत माध्यम बदलणे त्याच्यावर अन्याय होईल आणि त्याला स्वतःलाही ते नको आहे. त्याची ट्यूशन मात्र जानेवारीपासून बंद केली आहे आणि येत्या चाचणीत त्याचे काय होते ते पाहत आहोत.