पहिल्या टी-शर्टसाठी कापड: सिंगल जर्सी की इंटरलॉक?

घरच्या मशीनवर होजिअरी शिवायची ठरवली, तर गोल टोकाची सुई, पॉलिस्टरचा दोरा आणि झिगझॅगची सोय तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. प्रश्न उरतो कापडाचा. सुती होजिअरीत दोन प्रकार सहज मिळतात: सिंगल जर्सी (लायक्रावाल्या जर्सीला बरेच व्यापारी सिंकर म्हणतात) आणि इंटरलॉक.

जर्सीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. अंगावर छान पडते, उन्हाळ्यात सुसह्य असते, रंग आणि छापेही भरपूर मिळतात. घाऊकात होजिअरी किलोवर विकतात, तिथेही हलक्या कापडाचा फायदा होतो. १.८ मीटर पन्ह्याची १८० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जर्सी किलोत तीन मीटरच्या आसपास येते. त्याच पन्ह्याचं २२० जीएसएमचं इंटरलॉक अडीच मीटरच भरतं.

पण जर्सी कापली की तिची कड वळते, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. तिच्या दोन बाजूंची वीण वेगळी, त्यामुळे ताणही वेगळा. आडवी कापलेली कड सुलट बाजूला वळते, उभी कड उलट बाजूला. गळा तर गोल! म्हणजे तळाशी कड पुढे येते आणि खांद्याकडे चढताना मागे जाते. त्यावर दुहेरी पट्टी बसवायची, तीन थर जुळवायचे, आणि त्यातला एक थर सुरळीच्या वडीसारखा गुंडाळत राहणार. शेवटची टाचणी लावेपर्यंत पहिल्या टाचणीखालून कड निसटलेली असते. कडेला खळ लावून वाळवली की ती सरळ राहते, हे खरं. आता रविवारची दुपार खळ वाळायची वाट बघण्यात घालवायची का, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न.

इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सुलटच दिसतं आणि कापल्यावर टेबलावर गप्प पडून राहतं. त्यामुळे सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे देता येतं: शिवताना कापड हाताने ओढायचं नाही, मशीनलाच पुढे नेऊ द्यायचं. नवशिक्याला शिकायचं असतं ते मुख्यतः एवढंच.

इंटरलॉकचेही नखरे आहेत. बगलेत शिवणी एकमेकींवर आल्या की लहान मशीन कुरकुरते. ते जर्सीपेक्षा कमी ताणलं जात असल्याने जर्सीसाठी काढलेल्या नमुन्याचा गळा डोक्यातून जाताना अडू शकतो, तो थोडा मोठा कापावा. आणि मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्याला मी आग्रह करणार नाही.

कापण्याआधी धुवायचं दोन्ही कापडांना, आटणं कुणाला चुकत नाही. जर्सीत मात्र आणखी एक प्रकार होतो: काही धुण्यांनंतर बाजूची शिवण फिरून पोटाकडे येते. दोष सुताच्या पिळाचा असतो, पण पहिल्याच कपड्यावर तो आपल्या हाताचा वाटतो.

जाड जर्सी इंटरलॉक म्हणून हातात पडू शकते, तेव्हा घेताना एवढं करा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का बघा, मग आडवी कापलेली कड ताणून सोडा. वळली, तर ती जर्सी.