व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क: नॅट की ब्रिज?

घरातल्या एका दणकट पीसीवर तिघांसाठी तीन व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे वेगळे संगणक) चालवायची, तर त्यांना नेटवर्क नॅटने द्यायचं की ब्रिजने, हा निर्णय आधी घ्या.

नॅट, म्हणजे मशीनने होस्टच्या (मूळ पीसीच्या) पत्त्याआडून नेटवर्क वापरणं, लगेच चालतं. व्हर्च्युअलबॉक्स (अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मशीनला १०.०.२.१५ हा आयपी (नेटवर्कवरचा) पत्ता देतो आणि इंटरनेट सुरू. पण बाहेरून आत येता येत नाही. लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप (मशीनचा स्क्रीन दूरवरून वापरणं) हवा, तर होस्टचा ३३९१ पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) पहिल्या मशीनच्या ३३८९ कडे, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या नेहमीच्या पोर्टकडे वळवा, ३३९२ दुसऱ्याच्या. कोणता पोर्ट कुणाचा, हे लवकरच वहीत लिहावं लागतं.

ब्रिजमध्ये प्रत्येक मशीन थेट राउटरकडून पत्ता घेतं. प्रिंटरही सहज सापडतो. वाटून वापरायला ब्रिजच बरा. मात्र पीसी राउटरला केबलनेच जोडा. वाय-फायवर ब्रिज बहुधा अडतो, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं उपकरण) जोडणी झालेल्या मॅक पत्त्याचीच (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाचीच) पॅकेट घेतो. मशीनची कॉपी काढली की मॅक पत्ता बदला. नाहीतर दोन्हींना एकच आयपी मिळतो आणि कधी एकाचं, कधी दुसऱ्याचं कनेक्शन तुटतं.

लिनक्सवर ब्रिज बांधताना होस्टचा आयपी नेटवर्क कार्डवरून काढून ब्रिजला द्यायचा असतो. हे काम दूरवरून करू नका, मॉनिटर-कीबोर्ड जोडूनच करा. एक ओळ चुकली तरी होस्ट नेटवर्कवरून गायब होतो.