कॉटमधला ससा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमची मुलगी आता २१ महिन्यांची आहे आणि गेले ९ महिने तिच्या कॉटमध्ये एक कापडी ससा असतो. ससा म्हणायचे इतकेच; लिंबाएवढे डोके, दोन लांब कान आणि धडाच्या जागी साधारण २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मलमलचा दुपदरी चौकोन, एवढीच ती वस्तू आहे. डोळे आणि नाक दोऱ्याने भरलेले आहेत, आत खुळखुळा नाही, गळ्यात फीत नाही. मात्र या सशाविषयी लिहायचे तर तो कॉटमध्ये नव्हता त्या पहिल्या १२ महिन्यांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण विकत घेणाऱ्यांची खरी फसगत तिथेच होते.

मुलगी मे महिन्यात जन्मली. बारशाला आलेल्या भेटींत तीन मऊ खेळणी, कॉटच्या गजांना बांधायच्या कापडी गाद्या आणि सासूबाईंनी स्वतः शिवलेली मोहरीची उशी होती. खेळण्यांच्या पाकिटांवर ‘जन्मापासून योग्य’ असे छापलेले होते आणि मीही आधी त्यावर विसंबले होते. पुढे लक्षात आले की ती खूण खेळण्यासाठी आहे, झोपण्यासाठी नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह असणे बंधनकारक आहे आणि ते पाहूनच खेळणे घ्यावे. पण ते चिन्ह सुटे होणारे भाग, टोकदार कडा, रंगातील घातक धातू अशा गोष्टींची हमी देते. तीन महिन्यांच्या झोपलेल्या बाळाच्या तोंडावर तेच खेळणे पडले तर काय होईल, याचे उत्तर त्यात नसते.

ते उत्तर सोपे आहे आणि भीतिदायकही. तान्ह्या बाळाला नाकातोंडावर आलेले कापड हाताने दूर करता येत नाही, मानही पुरेशी फिरवता येत नाही, आणि मऊ वस्तूत तोंड खुपसले गेले की सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहते. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सुधारलेल्या सूचनांमध्येही हेच सांगितले आहे : बाळ उताणे, सपाट व कडक गादीवर, घट्ट बसणाऱ्या चादरीवर झोपवावे आणि पहिले वर्ष कॉटमध्ये उशी, दुलई, गजांच्या गाद्या, मऊ खेळणी यांपैकी काहीही ठेवू नये. आमच्या डॉक्टरांचेही म्हणणे हेच होते.

घरात हे पचवणे सोपे गेले नाही. “अगो, रिकाम्या कॉटात लेकरू निजेल कसं? कुशीला काहीतरी दे तिला,” हे सासूबाईंचे वाक्य मी त्या पावसाळ्यात किती वेळा ऐकले याची गणती नाही. मोहरीच्या उशीवरून आमच्यात दोन दिवस अबोलाही झाला. शेवटी ती उशी बाळ जागे असताना आणि कोणीतरी शेजारी बसलेले असताना पायांशी खेळायला द्यावी, यावर तडजोड झाली. गजांच्या गाद्या मात्र मी सरळ माळ्यावर टाकल्या. अमेरिकेत २०२२ साली त्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली, आपल्याकडे त्या अजून ‘कॉटचा संच’ म्हणून विकल्या जातात.

त्या पहिल्या वर्षी आम्ही कॉटच्या आत ठेवण्याऐवजी अंगावर घालायच्या आणि कॉटबाहेर ठेवायच्या गोष्टी वापरल्या. सुरुवातीला मलमलच्या दुपट्यात गुंडाळणे होते. चौथ्या महिन्यात ती कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागली त्या दिवसापासून ते बंद केले, कारण हात बांधलेले असताना पालथे झालेले बाळ पुन्हा वळू शकत नाही. मग बाह्या नसलेली सुती झोपेची पिशवी घेतली. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री ती उपयोगी पडली, परंतु गोव्यात तिची गरज वर्षातून जेमतेम तीन महिने असते. मार्चनंतर ती घातली की पाठ घामाने चिकट होई, आणि बाळाला उकडू देणे हाही एक धोकाच असल्यामुळे त्या दिवसांत नुसते सुती झबले पुरेसे होते. एक विक्रेता आत वजन भरलेल्या पिशव्या ‘आईच्या हाताचा भास’ म्हणून विकतो. त्या घेऊ नयेत, वर सांगितलेल्या सूचनांमध्येही त्यांना स्पष्ट नकार आहे.

चोखणीचा अनुभव संमिश्र होता. स्तनपान नीट जमल्यानंतर झोपताना चोखणी दिल्यास अचानक मृत्यूचा धोका कमी असतो, असे अभ्यासांतून दिसले आहे, म्हणून ती दिली. मात्र दोरी, साखळी किंवा तिला जोडलेले खेळणे असलेली नव्हे. आमच्या मुलीने ती सातव्या महिन्यात स्वतःहून थुंकून टाकली आणि विषय संपला. एकसुरी आवाज करणारे यंत्रही घेतले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १४ यंत्रांची तपासणी झाली होती आणि ३० सेंटिमीटर अंतरावरून पूर्ण आवाजात त्यांपैकी तीन ८५ डेसिबलच्या वर गेली होती, हे वाचल्यावर ते दोन मीटर लांब कपाटावर ठेवून अगदी हळू लावू लागलो. खरे सांगायचे तर जून ते सप्टेंबर मंगळुरी कौलांवर कोसळणारा पाऊस असताना त्या यंत्राचे काही कामच नव्हते.

ससा आला तो पहिल्या वाढदिवसानंतर. आधी आठ दिवस तो मी स्वतःच्या उशीशी घेऊन झोपले, म्हणजे त्याला माझा वास लागला. मग अंगाई म्हणताना तो तिच्या हातात देऊ लागले, आणि कॉटमध्ये ठेवला तो ती जागी असतानाच. पहिले पाच-सहा दिवस तिने तो गजांतून खाली फेकण्याचा खेळ केला. तिसऱ्या आठवड्यात मात्र एका रात्री रडून उठली, चाचपडत सशाचा कान शोधला, तो गालाला लावला आणि मी दाराशी पोहोचेपर्यंत पुन्हा झोपली. हा परिणाम रोज मिळतो असे नाही. दात येताना, ताप असताना ससा निरुपयोगी असतो, तेव्हा आईच लागते. पण रात्री चार वेळा उठावे लागत होते ते एकदा-दोनदावर आले, आणि पाळणाघरात दुपारी झोपण्याची तर जवळजवळ अडचणच राहिली नाही.

आता सशाची खरी परीक्षा, म्हणजे गोव्याचा पावसाळा. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली मुलांच्या अशा सोबतीच्या वस्तूंविषयी मांडणी केली आणि ती वस्तू धुतली की मुलाच्या अनुभवात खंड पडतो, म्हणून आई ती मळू देते, असे निरीक्षण नोंदवले. ते निरीक्षण अचूक आहे. फक्त त्यांनी डिचोलीतला जुलै पाहिलेला नव्हता. लाळेने भिजलेले फडके इथे दोन दिवसांत आंबूस वास सोडते आणि आठवड्यात शिवणीवर काळे ठिपके दिसू लागतात. म्हणून मी एकसारखे दोन ससे घेतले होते, आणि या सगळ्या अनुभवातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच ठरला. मात्र दोन्ही पहिल्या दिवसापासून आलटून पालटून द्यावे लागतात. मी दुसरा ससा तीन आठवडे कपाटात जपून ठेवला आणि मग दिला, तेव्हा तिने तो हुंगून सरळ बाजूला फेकला. पुढे दोन्ही एकाच उशीखाली ठेवून, दोन्हींचा वास सारखा करून घ्यावा लागला.

मलमलचा चौकोन पंख्याखाली चार-पाच तासांत वाळतो, पण डोके वाळत नाही. बाहेरून कोरडे लागले तरी आतली भरण ओली असते. मी ते दोन कागदी रुमालांत दाबून पाहते आणि कागद दमट झाला तर आणखी एक दिवस थांबते. चतुर्थीला गावी गेलो तेव्हा तीन दिवस वीज ये-जा करत होती आणि एकही ससा पुरता वाळला नाही. शेवटी इस्त्री केलेल्या माझ्या जुन्या सुती ओढणीचा तेवढाच चौकोन कापून, एका टोकाला गाठ मारून दिला. तिने तो स्वीकारला, यावरून ४५० रुपयांच्या सशाविषयी काय समजायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

एक तक्रारही आहे. तिसरा म्हणून दुसऱ्या एका विक्रेत्याकडून अस्वल मागवले, त्याचे डोळे प्लॅस्टिकचे आणि नुसते चिकटवलेले होते. दुसऱ्याच धुण्यात एक डोळा माझ्या बोटांत आला. ते परत घेण्यास विक्रेत्याने नकार दिला, कारण वस्तू ‘वापरलेली’ होती. तेव्हापासून कोणतीही नवी वस्तू कॉटमध्ये जाण्याआधी मी तिचे कान, डोळे आणि शिवण जोर लावून ओढून पाहते, आणि हे दर धुण्यानंतर पुन्हा करते.

नऊ महिन्यांत पहिल्या सशाच्या डाव्या कानाची शिवण दोनदा घालावी लागली आणि राखाडी रंग पांढुरका झाला आहे. दुसरा अजून बरा आहे. खरे तर तेव्हाच तीन घ्यायला हवे होते. आता त्या दुकानात हा ससा येत नाही.