‘पायथॉनचं लायसन्स’ म्हणून कुणी पैसे मागितले तर

सोलापुरात सध्या एक पत्रक फिरतंय: ‘तुमच्यासाठी कोणती प्रोग्रामिंग लँग्वेज? मोफत टेस्ट द्या, पुण्यात नोकरी पक्की.’ ते हातात पडलं तर आधी हे वाचा. क्लासचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. शिवाय पाटी बदलायला त्यांना कितीसा वेळ लागतो?

मी बी.कॉम. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. सुताची बिलं, जॉबवर्क, जीएसटी, सगळं एक्सेलमध्ये. हेच काम छोटा प्रोग्राम लिहून पटकन होतं असं कळलं, म्हणून शिकायचं ठरवलं. नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो कोणती लँग्वेज शिकायची, सी, जावा की पायथॉन असा. या मंडळींचं दुकान त्याच प्रश्नावर चालतं.

टेस्टमध्ये ‘कोडी सोडवायला आवडतात का’ छापाचे प्रश्न होते. मग रंगीत रिपोर्ट आला: माझ्यासाठी योग्य भाषा पायथॉन, ९२ टक्के. कौन्सेलर मॅडम डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाल्या, “ताई, तुम्ही जावाला गेला असता तर मधेच सोडून दिलं असतं.” पुढे बॅच सुरू झाल्यावर खाली चहाच्या टपरीवर विषय निघाला. मेकॅनिकल डिप्लोमावाला, बी.एस्सी.वाली, दुकान सांभाळून येणारा, सगळ्यांना पायथॉन, सगळ्यांना ९२. “का बे, तुझं पण ब्याण्णवच?” म्हणून पोरं हसत होती. एकानं तर प्रश्न न वाचताच टिका मारल्या होत्या.

फी ४५,००० रुपये, वर ‘पायथॉन सॉफ्टवेअर लायसन्स’चे ४,५००. त्याबद्दल होलोग्राम लावलेला, नाव छापलेला कागद दिला.

पायथॉनला असलं लायसन्स विकत घ्यावं लागतच नाही. गिडो व्हॅन रोसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये जगासमोर ठेवली, तेव्हापासून ती फुकट आहे. पायथॉन डॉट ऑर्गवरून कुणीही उतरवून घ्यावी. सी शिकायला लागणारा जीसीसी कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, फुकट. जावा शिकायला लागणारं ओपनजेडीके हे सॉफ्टवेअरही फुकट. जावास्क्रिप्टला तर वेगळं काही टाकावंही लागत नाही, ब्राउझरमध्ये ती असतेच.

पण खरी हुशारी पुढे आहे. आम्हाला दिलेल्या झेरॉक्स नोट्स पायथॉन २ च्या होत्या आणि लॅबच्या मशीनवरही तेच जुनं व्हर्जन. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ ची देखभाल अधिकृतपणे थांबली. मी घरी लॅपटॉपवर नवीन पायथॉन टाकलं आणि नोट्समधला पहिलाच प्रोग्राम लिहिला. एरर. सरांना विचारलं तर म्हणाले, “घरचं फुकटचं व्हर्जन आहे ना, लायसन्सवालं नाही. म्हणून चालत नाही.” लॅबमध्ये तोच प्रोग्राम चालायचा, त्यामुळे सगळ्यांना पटायचं. काही पोरांनी घरच्या मशीनसाठी दुसरं ‘लायसन्स’सुद्धा घेतलं!

कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला मी ती एरर दाखवली. स्क्रीनवर मजकूर दाखवायची जी ‘प्रिंट’ ही आज्ञा असते, तिच्या पुढच्या मजकुराला त्यानं कंस घातला, एवढंच. प्रोग्राम चालला. पायथॉन २ मध्ये प्रिंटला कंस लागत नव्हता, ३ मध्ये लागतो. ती एरर नीट वाचली तर त्यात कंस राहिल्याचंच लिहिलेलं असतं, पण नवख्या माणसाला लाल अक्षरं दिसली की वाचायचं धाडस होत नाही. सरांना हे पक्कं ठाऊक होतं.

फी ‘हप्त्यानं भरा’ म्हणाले होते. आधार, पॅन, ओटीपी घेतला. तो क्लासचा हप्ता नव्हता, एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. क्लासला सगळे पैसे एकदम मिळाले. मी जायचं थांबवलं तेव्हा क्लास म्हणाला फायनान्सशी बोला, फायनान्स म्हणाली क्लासशी बोला. हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल हे मात्र दोघांनी न चुकता सांगितलं. ‘नोकरी पक्की’चं फॉर्मवर ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ झालं होतं. म्हणजे काय, तर ऑनलाइन जाहिरातींच्या लिंका ग्रुपवर टाकणं.

भाषा निवडायला मेंदूची टेस्ट लागत नाही. काम काय करायचंय ते बघायचं. एक्सेलच्या फायली, आकडेमोड असेल तर पायथॉन. वेबसाइट करायची तर जावास्क्रिप्ट, अँड्रॉइड ॲप करायचं तर कॉटलिन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी असेल तर सीच करा, उगाच दोन दगडांवर पाय नकोत. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन या प्रोग्रामिंगच्या मूळ गोष्टी, त्या एका भाषेत जमल्या की दुसरीत बरंचसं कामाला येतं. आयआयटींचं एनपीटीईएल आणि सरकारचं स्वयम या ऑनलाइन शिकायच्या साइटवर कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही, समोर बसून शिकवणारा चांगला माणूस मिळाला तर पैसे वसूल होतात. फक्त आधी कौन्सेलरला विचारा, जावा आणि जावास्क्रिप्ट यांचं नातं काय. आमच्या मॅडमनी ‘जावाची छोटी बहीण’ सांगितलं होतं. नावापलीकडे फारसं नातं नाही. जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची, जावास्क्रिप्ट नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी लिहिलेली, दोन्ही १९९५ च्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. लायसन्सचे पैसे परत आले, बाकीचे नाहीत, हप्ता अजून कापला जातोय. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. पत्रक, रिपोर्ट, होलोग्रामचा कागद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. पैसे परत देताना क्लासवाले ‘लायसन्स’ लिहिलेली मूळ पावती मागतात. झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका.