दुसऱ्यांदा पाहायचं तर ॲप की डिस्क?

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज, पहिल्यांदा पाहायला स्ट्रीमिंग ॲपच. बारा भागांची सिरीज तिसऱ्या भागाला सोडून द्यायची मुभा डिस्क विकत घेणाऱ्याला नसते. अडचण पुढे येते. सिरीज आवडते, दोन-तीन वर्षं जातात आणि एखाद्या रविवारी ती पुन्हा लावावीशी वाटते. त्यासाठी सबस्क्रिप्शन चालूच ठेवायचं, की परदेशातून बॉक्स सेट मागवून मोकळं व्हायचं? नाशिकमध्ये ॲनिमेची डिस्क दुकानात जाऊन उलटीपालटी करून बघता येईल अशी सोय सहसा नाही. जे ठरवायचं ते न बघताच ठरवावं लागतं, म्हणून हा पसारा.

ॲपचा पहिला गुण प्रवासात दिसतो. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते सीएसएमटी साडेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे 24 मिनिटांचे आठ भाग आरामात. फक्त ते रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचे. इगतपुरी सोडली की कसारा घाटातल्या बोगद्यांमध्ये नेटवर्क जातं आणि भाग नेमका मारामारीच्या मध्यावर गोल फिरत बसतो. मोबाइलच्या पडद्याला 720 ओळींचं चित्र पुरे. 1080 निवडून फोन भरण्यात अर्थ नाही. उतरवलेल्या भागांनाही मुदत असते, त्यामुळे महिन्यापूर्वी उतरवलेलं आज चालेलच असं धरू नका. गाडीत बसण्याआधी एकदा उघडून बघा.

दुसरा गुण म्हणजे ॲपला आठवण असते. पावसाळ्यात लाइट गेली आणि परत आली, तर भाग जिथे थांबला तिथूनच सुरू. ब्लू-रेचं, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कचं, तसं नाही. बऱ्याच डिस्कचा मेन्यू असा बनवलेला असतो की प्लेयर बंद पडला की सगळं पहिल्यापासून: कायदेशीर सूचना, कंपनीचे लोगो, मग मेन्यू, मग भाग शोधा. त्यातल्या सूचना पुढे ढकलता येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा हे झालं तर कोणाचाही संयम सुटेल. प्लेयर आणि टीव्ही छोट्या यूपीएसवर ठेवणं हा त्यावर त्यातल्या त्यात बरा उपाय.

चित्राच्या बाबतीत डिस्क पुढे आहे, पण किती पुढे ते टीव्हीवर अवलंबून. ॲपचं 1080 बहुधा सेकंदाला 10 मेगाबिटच्या आत बसवलेलं असतं. ब्लू-रेवर चित्रासाठी 40 मेगाबिटपर्यंत जागा असते. फरक रंगीत, उजेडाच्या दृश्यांत फारसा जाणवत नाही. जाणवतो तो संध्याकाळच्या आकाशात, धुक्यात, अंधाऱ्या खोलीत, जिथे एका रंगातून दुसऱ्यात सावकाश जायचं असतं आणि ॲपवर तिथे पट्टे पडतात. सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, हाताने रंगवलेल्या जुन्या सिरीजमध्ये, म्हणजे 1998 च्या काउबॉय बीबॉपसारख्या, फिल्मचा बारीक दाणा असतो. कमी डेटात तो दाणा पुसला जातो आणि चेहरे मेणाचे दिसतात. 32 इंची टीव्हीवर माझ्या डोळ्यांना हे जेमतेम कळतं, 55 इंचीवर लपत नाही. डीव्हीडीच्या भानगडीत मात्र आता पडू नये. 480 ओळींचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की धुरकट दिसतं, आणि ते एकाआड एक ओळींनी साठवलेलं असेल व नीट जुळवलं गेलं नाही तर हलणाऱ्या रेषांना कंगव्यासारखे दात फुटतात.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे 685 जणांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या टीव्ही प्रक्षेपणासाठी लुकलुकत्या प्रकाशाबद्दल नियम आले. म्हणून आजही मोठ्या मारामारीच्या ऐन क्षणी चित्र एकदम काळवंडतं किंवा एका फ्रेममध्ये दुसरीची सावली मिसळते. जपानमध्ये भाग लागला की लगेच ॲपवर येणारी प्रत पुष्कळदा हीच टीव्हीची असते. डिस्क काढताना ही काळोखी बऱ्याचदा काढून टाकतात, घाईत राहिलेली चित्रंही दुरुस्त करतात. 2011 च्या मादोका मागिकामध्ये टीव्हीची प्रत आणि ब्लू-रे शेजारी ठेवली तर कित्येक दृश्यं नव्याने काढलेली दिसतात. ज्यांना प्रकाशाच्या लुकलुकण्याचा त्रास होतो त्यांच्यासाठी मात्र टीव्हीचीच प्रत बरी.

एवढ्यावर पारडं समसमानच राहतं, आणि स्वस्त म्हणून ॲपकडे झुकायलाही हरकत नसावी. माझा निर्णय झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून: एंडिंग, म्हणजे भागाच्या शेवटी नावं येताना वाजणारं गाणं.

भाग संपत आला की ॲप चित्र आकसून कोपऱ्यात टाकतं, पडद्यावर पुढच्या भागाचा फोटो येतो आणि पाच-दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. मिसळ खाऊन झाली, वाटीत थोडा रस्सा उरलाय, पापडाचा शेवटचा तुकडा हातात आहे आणि पोऱ्या ताट उचलून दुसरी मिसळ समोर ठेवतो, तशी गत. पहिल्या वेळी हे खपतं. पुढे काय होतं याची घाई असते. दुसऱ्यांदा मात्र आपण त्या दीड मिनिटासाठीही आलेले असतो. 26 भागांच्या सिरीजमध्ये ही 90 सेकंदं मिळून 39 मिनिटं होतात, दीड भागाहून जास्त.

आणि ती वाया जाणारी मिनिटं नसतात. काउबॉय बीबॉपच्या शेवटच्या भागात नेहमीचं एंडिंग नाही, वेगळं गाणं आहे, कॅमेरा वर आकाशात जात राहतो आणि सगळी नावं सरल्यावर एका ओळीची पाटी येते. ती पाटी चुकली तर शेवट अर्धाच पाहिला म्हणायचा. ॲटॅक ऑन टायटनच्या दुसऱ्या सीझनच्या एंडिंगमध्ये 2017 सालीच पुढचं बरंचसं उघड दाखवून ठेवलं होतं; तेव्हा ते कोणाला उमगलं नाही, दुसऱ्यांदा पाहताना अंगावर येतं. मादोकाच्या दहाव्या भागात ओपनिंगचं गाणं शेवटाला वाजतं आणि ते गाणं इतके दिवस कोणाचं होतं ते तिथे कळतं. ‘इंट्रो वगळा’ हे बटण दाबायची सवय लागलेल्याला हा धक्का बसतच नाही.

सेटिंग बदलून हे थांबतं का? निम्मंच. ब्राउझरमधून खात्यात जायचं, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लावण्याची खूण काढायची, मग टीव्हीवरच्या ॲपमधून एकदा लॉगआउट करून परत आत यायचं, कारण टीव्हीवर जुनं सेटिंग राहून जातं. एवढं केल्यावर पुढचा भाग सुरू होत नाही. चित्र मात्र काही ॲपवर तरीही आकसतं. ते मोठं करायला ‘क्रेडिट्स पाहा’ किंवा वरचा बाण त्या चार-पाच सेकंदांतच दाबावा लागतो, आणि स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीचा रिमोट दाबल्यावर दोन सेकंदांनी जागा होतो. म्हणजे दर भागाच्या शेवटी रिमोट हातात धरून, अंगठा बटणावर ठेवून तयारीत बसायचं. गाणं ऐकायची ही रीत नव्हे.

ॲपला एंडिंग कुठे सुरू होतं हे प्रत्येक भागाला एका वेळेच्या खुणेने सांगितलेलं असतं. पण ॲनिमेत गाणं पुष्कळदा शेवटच्या दृश्यावरच सुरू होतं. 2012 च्या ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या सिरीजमध्ये ‘राउंडअबाउट’ची गिटार संवाद चालू असतानाच वाजू लागते आणि त्या ठेक्यावर भाग संपतो. खूण गाण्याच्या सुरुवातीला ठेवली तर दृश्य कापलं जातं, नावांच्या सुरुवातीला ठेवली तर गाणं मधेच आकसतं. नावांनंतर छोटं दृश्य असेल तर तेही गेलं. इव्हँजेलियनची तर गोष्टच निराळी: मूळ 1995-96 च्या मालिकेत ‘फ्लाय मी टू द मून’ची निरनिराळी रूपं एंडिंगला होती, 2019 मध्ये नेटफ्लिक्सच्या जपानबाहेरच्या प्रतीतून ती काढली गेली आणि तिथे पियानोचा तुकडा आला. गाण्याचे हक्क वेगळे, चित्राचे वेगळे. ॲपवरची प्रत आपल्या हातात नसते. डिस्कवर एंडिंग पूर्ण वाजतं, आणि पुष्कळ सेटमध्ये नावांशिवायचं ओपनिंग-एंडिंग वेगळंही दिलेलं असतं.

आता डिस्क घ्यायची तर पैसे कुठे बुडतात ते बघा. बऱ्याच ब्लू-रे डिस्क आणि प्लेयर जगाच्या ठरावीक भागाला, म्हणजे रीजनला, बांधलेले असतात: भारत रीजन सी, जपान आणि अमेरिका दोन्ही ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी. इथे विकलेला साधा प्लेयर ए ची डिस्क नाकारण्याची शक्यता मोठी. गेम कन्सोलही बहुधा ज्या देशात विकला त्याचाच रीजन पाळतो. त्यामुळे आधी रीजन-फ्री प्लेयर, मग डिस्क. उलट्या क्रमाने जाऊ नका. ‘डीव्हीडी रीजन-फ्री’ आणि ‘ब्लू-रे रीजन-फ्री’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विक्रेत्याला दुसरीबद्दल विचारा. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह घेतलात तर डीव्हीडीचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, आणि ब्लू-रेसाठी विकतचं सॉफ्टवेअर लागतं.

जपानी डिस्क दिसायला देखणी, पण एकेका डिस्कवर दोन-तीन भाग, किंमत जबर आणि इंग्रजी सबटायटल बहुधा नाहीत. मादोकाचे 12 भाग तिथे सहा डिस्कमध्ये निघाले होते. सबटायटल हवी असतील तर अमेरिकन सेट घ्या, पूर्ण सीझन एकत्र मिळतो. छापील किमतीवर टपाल आणि कस्टम धरूनच हिशेब मांडा. पार्सल आलं की उघडण्याआधी कानाशी हलवून बघा. आत खडखडलं तर डिस्क आतल्या कड्यातून सुटली आहे. उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. पावसाळ्यात डिस्कला फारसं काही होत नाही, पण आतली कागदी पुस्तिका ओल धरून चिकटते. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात.

वर्षाला पाच-सहा नव्या सिरीज बघणाऱ्याने ॲप सोडू नये, हेही खरं. सगळंच डिस्कवर घ्यायला कपाट आणि पगार दोन्ही अपुरे पडतील. पण ज्या दोन-तीन सिरीजकडे तुम्ही वारंवार परत जाता, त्यांचं एंडिंग लागल्यावर ते वगळायला तुमचा हात रिमोटकडे जातो की नाही ते आधी बघा. जात नसेल, तर पहिला सेट 12-13 भागांचा घ्या आणि मागच्या बारीक अक्षरांत रीजन वाचल्याशिवाय पैसे भरू नका.