ल्युपसचा चट्टा: हातातलं मलम की चाचणीतलं नवं क्रीम?

चेहऱ्यावर, कानावर किंवा टाळूवर ल्युपसचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजाराचा) चट्टा आहे आणि डॉक्टरांनी विचारलंय, "नव्या क्रीमची चाचणी सुरू आहे, भाग घ्याल का?" हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना. माझं मत आधीच सांगते. चट्टा ताजा असेल आणि नेहमीची मलमं अजून नीट, पुरेशा प्रमाणात वापरून झालेली नसतील, तर आधी ती वापरा. ती वापरूनही चट्टा हटत नसेल, तर चाचणीचा विचार जरूर करा.

घाई कशाची? डिस्कॉइड, म्हणजे गोल चकतीसारखा, चट्टा आपल्यासाठी थांबत नाही. सुरुवातीला तो लालसर दिसतो, सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा काळपट. वर घट्ट चिकटलेली खपली असते. ती सुटून आली, तर तिच्या खालच्या बाजूला बारीक काटे दिसतात. केसांच्या छिद्रांत जाऊन बसलेले ते बूच असतात. (मुद्दाम मात्र खरवडू नका, जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.) कानाच्या खळग्यात नीट पाहिलं तर तशीच काळी, बुजलेली छिद्रं सापडतात. दाह तिथेच मुळाशी चालू असतो. एकदा मूळ नष्ट झालं की केस परत येत नाही आणि मागे फिकट, खोलगट व्रण उरतो. त्या व्रणावर कुठलंच क्रीम चालत नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. क्रीमचा उपयोग दाह चालू आहे तोवरच. म्हणून हातातले आठवडे कशावर खर्च करायचे, हाच खरा निर्णय.

स्टिरॉइड मलम

पहिला उपाय हाच, आणि तो सौम्य वापरून चालत नाही. डिस्कॉइड ल्युपसच्या ७८ रुग्णांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या एका चाचणीत तीव्र वर्गातलं फ्लुओसिनोनाइड ०.०५ टक्के आणि सौम्य हायड्रोकॉर्टिझोन १ टक्का यांची तुलना झाली. तीव्र मलमाने २७ टक्के लोकांना उत्तम गुण आला, सौम्य मलमाने १० टक्क्यांना. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. तीव्र मलम सरस ठरलं हे खरं, पण तेही बहुतेकांना पुरलं नाही. नव्या क्रीमची गरज तिथूनच सुरू होते.

"मलमाने काही फरक नाही" असं म्हणणाऱ्यांनी आधी प्रमाण तपासावं. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी त्वचा झाकते. ल्युपसचा एखादा चट्टा त्याहून पुष्कळ लहान असतो, त्यामुळे मलम कमी लागतं, पण ते रोज आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत लागलं पाहिजे. दोन दिवस लावून चार दिवस विसरलं, तर ते मलम निकामी ठरलं असं म्हणता येत नाही.

तोटा आहे तो त्वचा पातळ होण्याचा. क्लोबेटासोलसारखं सगळ्यात तीव्र मलम सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. टाळूवर, तळहातावर डॉक्टरांच्या नजरेखाली ते चालतं. गालावर आणि पापणीजवळ मला त्याची धास्ती वाटते, आणि त्याला कारण आहे. टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम, त्याबद्दल पुढे) आणि क्लोबेटासोल चेहऱ्याच्या दोन बाजूंना लावून केलेल्या एका छोट्या अभ्यासात गुण दोन्हींकडे सारखाच आला. पण १८ पैकी ११ जणांच्या क्लोबेटासोलच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागलं, काहींना तर तिसऱ्याच आठवड्यात.

टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस

ही दाह कमी करणारी, पण स्टिरॉइड नसलेली मलमं. चेहऱ्यासाठी माझा कौल यांना. त्वचा पातळ होत नाही, हा मोठा फायदा. पहिले काही दिवस लावल्यावर आग होते, झोंबतं. ते बहुधा ओसरतं, पण आधी कुणी सांगितलेलं नसलं की लोक घाबरून ट्यूब फेकून देतात. टॅक्रोलिमसचा रेणू मोठा असल्याने जाड, खवलेदार चट्ट्यात तो नीट शिरत नाही. टाळूवरच्या जुन्या चट्ट्याला म्हणून त्याच्याकडून फार आशा नको. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २००६ मध्ये दोन्ही औषधांवर कर्करोगाच्या शक्यतेबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. तो वाचून उपचार सोडू नका, डॉक्टरांशी त्याबद्दल बोला.

टॅक्रोलिमसच्याच एका चाचणीतून शिकण्यासारखं आहे. ३० रुग्ण, प्रत्येकाचे दोन चट्टे निवडलेले. एकावर ०.१ टक्के टॅक्रोलिमस, दुसऱ्यावर औषध नसलेलं तसंच मलम. २८ आणि ५६ दिवसांनी औषधाची बाजू स्पष्ट सरस होती. ८४ दिवसांनी तो फरक ठळक उरला नाही. चाचणी दोन महिन्यांतच संपली असती, तर निष्कर्ष वेगळाच निघाला असता.

चाचणीतलं नवं क्रीम

सध्या सगळ्यात जास्त आशा जॅक-रोधक क्रीमांवर आहे. त्वचेच्या ल्युपसमध्ये इंटरफेरॉनचा (प्रतिकारशक्तीच्या एका प्रथिनाचा) संदेश पेशींना सतत भडकवत असतो आणि तो संदेश पेशीच्या आत पोहोचतो जॅक एन्झाइममार्फत. ती वाट अडवायची, ही कल्पना. यातल्याच रुक्सोलिटिनिब १.५ टक्के क्रीमला एफडीएने २०२१ मध्ये अटोपिक त्वचादाहासाठी (एक्झिमासाठी) आणि २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता दिली. कल्पना पटण्यासारखी आहे, पण कोडाचा निकाल ल्युपसला लावता येत नाही. त्यासाठीच तर चाचणी. आशादायक सुरुवात झालेलं प्रत्येक क्रीम रोजच्या वापरात येतंच असंही नाही. आर-सालब्युटामॉलचं (दम्यावरच्या औषधाच्या एका रूपाचं) क्रीम डिस्कॉइड ल्युपसच्या ३७ रुग्णांवर तपासलं गेलं, खपली, दुखणं आणि खाज कमी झाली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तरी आजही ते नेहमीच्या उपचारांत नाही.

चाचणीत तुमच्या हाती पडणारी ट्यूब औषधाची असेलच असं नाही. काहींना नुसतं बेस, म्हणजे औषध नसलेलं तसंच क्रीम, मिळतं आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. हे क्रूर वाटतं, पण गरजेचं आहे. ल्युपसचा चट्टा ऊन कमी झालं की आपोआपही थोडा बसतो आणि नुसत्या स्निग्ध बेसनेही खपली मऊ पडते. तुलनेला कुणी नसेल, तर त्याचं श्रेय औषधाला मिळेल. शिवाय सुरुवातीला बहुधा काही आठवडे जुनं मलम बंद ठेवायला सांगतात. ल्युपसवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या त्याच डोसवर ठेवायची अट अनेकदा असते. म्हणजे आधी मलमाविना काळ, मग कदाचित औषधाविना काळ. चट्टा वेगाने पसरत असेल, तर हा हिशोब परवडणारा नाही.

फायदेही खरे आहेत. चट्टा नियमित आणि बारकाईने तपासला जातो, फोटो काढले जातात. मोजमाप बहुधा क्लासी नावाच्या गुणपद्धतीने होतं. तिच्यात चालू दाहाला ७० पर्यंत आणि कायमच्या नुकसानीला ५६ पर्यंत वेगळे गुण असतात. चाचणी दाहाचे गुण उतरतात का ते पाहते. तुमच्या चट्ट्यात दाह संपून नुसता व्रण उरला असेल, तर तुम्हाला घेणारच नाहीत, आणि ते योग्यच आहे. मला या पद्धतीत एक उणीव खटकते. तिचा मोठा भर लालीवर आहे आणि सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. म्हणून खाज, दुखणं, कडांचा फुगवटा हे स्वतः सांगा, नोंदवून घ्यायला लावा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: बेस मिळण्याची शक्यता किती? मुदत संपल्यावर सगळ्यांना खरं औषध मिळणार का, आणि किती काळ? मध्ये चट्टा वाढला तर कुठलं औषध लगेच देणार? बायोप्सी (तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा काढणं) किती वेळा, चेहऱ्यावरून की दुसरीकडून? टाळूवर केस गळत असताना शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मोघम आली, तर मी नाही म्हणेन. कारण न देता कधीही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडायला नकोत. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

काहीही निवडलंत तरी सनस्क्रीन सुटत नाही. २५ रुग्णांच्या त्वचेवर मुद्दाम अतिनील किरण सोडून केलेल्या अभ्यासात सनस्क्रीन लावलेल्या भागावर ल्युपसचा एकही चट्टा उठला नाही, न लावलेल्या भागावर अनेकांना उठला. चाचणीत जाणार असाल, तर आपलं सनस्क्रीन तिथे चालतं का ते विचारून घ्या. काही ठिकाणी ठरावीकच वापरायला सांगतात, आणि क्रीम लावल्यावर ते किती वेळाने लावायचं हेही ठरलेलं असतं.