विक्रोळीच्या फ्लॅटमध्ये मेश वाय-फाय: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. दोन डब्यांचा मेश वाय-फाय संच (घरात वेगवेगळ्या जागी ठेवलेले डबे मिळून एकच वाय-फाय देतात तो) बसवल्यापासून आमच्याकडे टीव्हीवरचं चित्र अडकणं जवळजवळ थांबलं. पण त्याचं निम्म्याहून जास्त श्रेय त्या दोन डब्यांना जोडणाऱ्या साध्या लॅन केबलला आहे. खोक्यावर हे कुठेच छापलेलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. एएक्स३००० दर्जाचे (हा वाय-फायच्या वेगाचा एक वर्ग), दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारे संच बरेचसे सारखेच असतात, आणि मला जे सांगायचंय ते मुख्यतः बसवण्याबद्दल आहे.

आमचं घर कन्नमवार नगरात, पुनर्विकासात मिळालेलं टू बीएचके. नवी इमारत मायवन पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतलेले. आतल्या भिंतीतही वीट नाही, सळया घातलेलं काँक्रीट आहे. मुंबईत आता बरेच टॉवर असेच उभे राहतात, आणि वाय-फायच्या दृष्टीने या भिंती फार जड जातात. वाय-फाय दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यातल्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा एका भिंतीतच बऱ्याच मरतात. आमचा फायबरचा मोडेम (वाय-फाय देणारा राउटरही तोच) दाराजवळच्या पॅसेजमध्ये. हॉलमधला टीव्ही एका भिंतीपलीकडे, तर सासूबाईंच्या खोलीतला टीव्ही दोन भिंती आणि मध्ये टाइल्स लावलेलं बाथरूम, त्याच्याही पलीकडे.

रोज रात्री आठ ते दहा, ऐन मालिकांच्या वेळेला, सासूबाईंचा टीव्ही अडकायचा. आधी चित्र धुरकट व्हायचं, मग गोल चक्र फिरायचं. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्यांच्या कस्टमर केअरचं एकच उत्तर: "मॅडम, प्लॅन वाढवा." आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही आणि मुलाचा टॅब एकदम चालले तरी १०० खूप झाले. तेव्हा अडचण प्लॅनची नसणार, हे उघड होतं.

अडचण नेमकी कुठे आहे ते बघायची एक पद्धत आहे, आणि माझ्या मते काहीही विकत घेण्याआधी प्रत्येकाने ती करावीच. लॅपटॉप त्या टीव्हीशेजारी नेऊन ठेवायचा, कमांडच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत राउटरला पिंग लावायचं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं (आमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, आणि दोन्ही सतत चालू ठेवायचे. राउटर घरातच असल्यामुळे पहिलं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. सासूबाईंच्या खोलीत ते चार, सहा, पाच असं चाललेलं असायचं, मध्येच तीनशे, आठशे, आणि मग ओळीने "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". नेमकं तेव्हाच टीव्हीवर चक्र फिरायला लागायचं. तोच लॅपटॉप पॅसेजमध्ये आणून केबलने मोडेमला जोडला, तर दोन्ही खिडक्या शांत. म्हणजे बाहेरची लाइन ठीक होती आणि गळती घरातल्या हवेत होती. याउलट राउटरचं पिंग व्यवस्थित आणि बाहेरचं अडकतंय असं दिसलं, तर राउटरवर एक रुपयाही खर्च करू नका. तो प्रश्न केबलवाल्यांनीच सोडवायचा आहे.

रात्रीच का? फोनवर वाय-फाय ॲनालायझर उघडलं तर खालच्या, वरच्या, समोरच्या सगळ्या फ्लॅटची नावं दिसली. लांबच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ पोचत नाही म्हणून टीव्ही २.४ वर जातो. आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन आहेत: १, ६ आणि ११. रात्री अख्खी इमारत त्या तीन चॅनलवर बोलत असते. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे जेवण गरम करण्याच्या वेळेला आणखी भर.

चित्रपट नीट चालतो आणि मॅच मात्र अडकते, हे अनेकांना कोडं वाटतं. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि टीव्ही पुढचे तुकडे आधीच उतरवून ठेवतो. चित्रपट आधीपासून सर्व्हरवर पडलेला असतो, त्यामुळे पुढचा साठा भरपूर करता येतो आणि मधला छोटा खंड कळतसुद्धा नाही. लाइव्ह सामन्यात पुढचं अजून घडलेलंच नसतं, साठा जेमतेम काही सेकंदांचा. तेवढा वेळ वाय-फाय अडखळलं की चौकार हुकलाच. म्हणून घरचं नेटवर्क तपासायचं असेल तर आयपीएलची मॅच लावून तपासा, चित्रपट लावून नाही.

आता संचाबद्दल. पहिला डबा हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला, मोडेमपासून त्याला केबल दिली. दुसरा सासूबाईंच्या खोलीत, आणि सुरुवातीला तो विनाकेबल. फोनवर रेंजचे दांडे पूर्ण दिसायला लागले, घरातले सगळे खूश. पण पिंगचे आकडे थोडेसेच सुधारले. कारण स्वच्छ आहे: दुसरा डबा पहिल्याशी बोलतो तो त्याच काँक्रीटच्या भिंतींतून. शिवाय या संचात दोनच बँड आहेत, त्यामुळे पहिल्या डब्याकडून आलेलं टीव्हीला पोचवायचं कामही त्याच रेडिओवर होतं आणि वेग साधारण निम्मा होतो. पूर्ण दांडे दाखवणारा फोन फक्त शेजारच्या डब्यापर्यंतची रेंज सांगतो, पुढचा रस्ता कसा आहे ते सांगत नाही.

मग केबल. नव्या इमारतींत बिल्डरने टीव्ही आणि टेलिफोनच्या पॉइंटसाठी भिंतीतून पाइप टाकलेले असतात आणि ते बहुधा रिकामेच पडून असतात. आमच्या इलेक्ट्रिशियनदादांनी स्विचबोर्डाची प्लेट उघडली, हॉलमधून पोलादी तार सरकवली, ती थेट खोलीतल्या पॉइंटला निघाली. भिंत फोडावी लागली नाही, सोसायटीची परवानगीही लागली नाही. तुमच्याकडे असे पाइप असतील तर ड्रिल मशीन बोलावण्याआधी ते बघा.

केबल आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने कॅट-सिक्स दर्जाच्या लॅन केबलची दोन बंडलं पुढे ठेवली, भावात चांगलाच फरक. स्वस्त बंडलातल्या एका तारेचं टोक त्यानेच नखाने खरवडून दाखवलं: वरचा तांब्याचा रंग गेला आणि आतून पांढरट चकाकी आली. "ताई, हे सीसीए. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. आज चालेल, पुढे कटकट देईल." त्या माणसाचे मनापासून आभार. शुद्ध तांब्याचीच घ्या, पंधरा-वीस मीटरमध्ये एकूण खर्चात फरक फार पडत नाही. घरात कॅट-फाइव्ह-ई सुद्धा पुरते, तीही १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते.

केबल जोडल्या दिवसापासून सासूबाईंच्या खोलीतलं पिंग एक-दोन मिलिसेकंदांवर आलं आणि तिथेच आहे. टीव्हीलाही डब्यातूनच छोटी केबल दिली. इथे एक गंमतशीर आकडा दिसतो, त्याने घाबरू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा असतो, त्यामुळे टीव्हीवरची स्पीड टेस्ट नव्वदीत अडकते. मोठा प्लॅन असलेल्यांना वाय-फायवर याहून जास्त आकडा दिसेल. तरी टीव्ही केबलवरच ठेवा. पंधरा एमबीपीएस न तुटता मिळाले की फोर-के चित्र हलत नाही.

काही सेटिंग्ज आवर्जून सांगते. मोडेम आणि मेश दोघेही राउटरचं काम करत बसले तर आयपी पत्ते दोनदा बदलले जातात आणि मोडेमला जोडलेल्या यंत्रांना मेशवरची यंत्रं सापडत नाहीत. म्हणून मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटरचं काम न करता फक्त वाय-फाय देईल असा) ठेवला आणि मोडेमचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं. दुसरी गोष्ट १६० मेगाहर्ट्झची, म्हणजे चॅनलच्या रुंदीची. ती चालू ठेवली की वेगाचा आकडा देखणा दिसतो, पण ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढी रुंद जागा घ्यायची तर रडारसोबत वाटून घेतलेले चॅनल वापरावे लागतात. रडारचा संशय आला की राउटरला ती जागा सोडावी लागते, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. मुलाचा टॅब मध्येच मिनिटभर तुटायचा तो यामुळे. ८० मेगाहर्ट्झ आणि चॅनल ३६ केल्यावर थांबलं.

मेश जिथे उपयोगी पडत नाही तेही सांगायला हवं. जुलैच्या पावसात पुन्हा चित्र अडकायला लागलं. या वेळी राउटरचं पिंग स्वच्छ, बाहेरचं तुटक. मोडेमच्या सेटिंग्जच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, वजा २९ डीबीएम (ती मोजायचं एकक) दिसत होती. साधारण वजा २७ च्या खाली गेलं की मोडेमला प्रकाश नीट वाचता येत नाही. तक्रारीवर पुन्हा "राउटर रीस्टार्ट करा" हेच आलं. तो आकडा फोटोसह पाठवल्यावर मात्र माणूस आला. गच्चीवरून लोंबकळणारी फायबर एका कोपऱ्यावर दुमडली होती. त्याने ती कापून मशीनने नवा जोड दिला आणि आकडा वजा २० वर आला. तो आकडा कुठे दिसतो हे तुमच्या मोडेममध्ये एकदा शोधून ठेवाच.

संचाबद्दल तक्रारी दोन. प्रत्येक डब्याला पोर्ट दोनच, त्यातला एक येणाऱ्या केबलमध्ये जातो. आणि दोन्ही बँडना एकच नाव असल्यामुळे आमचा जुना प्रिंटर जोडलाच जाईना. शेवटी ॲपमध्ये फक्त २.४ चं वेगळं नेटवर्क काढलं, तेव्हा चालला. वीज क्षणभर गेली तरी मोडेम पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, त्यामुळे मोडेमला आणि हॉलमधल्या डब्याला एकेक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला आहे. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

कोणी घ्यावा? दोन-तीन खोल्या, काँक्रीटच्या भिंती आणि केबल टाकायची सोय असेल तर जरूर घ्या. केबल टाकणं शक्यच नसेल तर तीन बँडचा संच बघा, त्यात डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा बँड ठेवता येतो. आणि चाळीतली खोली किंवा वन आरके असेल तर मेशचा खर्च नको. मोडेमपासून टीव्हीपर्यंत तांब्याची एक केबल, वर पट्टी मारून, एवढंच करून बघा.